डोळ्यातलं अतिक्रमण

दादाराव इंगोले स्वतःच्या उजव्या डोळ्याचा नकाशा खिशात घेऊन फिरत. साधं चित्र नव्हे, नकाशा. आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीनं काढलेला, कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, उत्तरेचा बाण भुवईकडे. मधे बुबुळाचं मोठं वर्तुळ, त्याच्या आत बाहुलीचं लहान वर्तुळ आणि नाकाच्या बाजूनं आत शिरलेली एक त्रिकोणी जागा. तिच्यावर लाल पेन्सिलीच्या तिरक्या रेघा आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘अतिक्रमित क्षेत्र’. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते माझ्या दुकानात येत, काउंटरवरचे फ्रेमचे डबे न विचारता बाजूला सारत आणि नवा नकाशा पसरत.

माझं बाभुळगावला बस स्टँडजवळ चष्म्याचं दुकान आहे. माझे आजोबा घड्याळं दुरुस्त करत. वडिलांनी घड्याळांच्या शेजारी चष्मे मांडले. माझ्यापर्यंत येईस्तोवर घड्याळं गेली आणि चष्मे उरले. दर गुरुवारी यवतमाळहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पेशंट तपासतात. गिऱ्हाईक हा प्राणी मला मनापासून आवडत नाही, हे दुकानदारानं सांगू नये, पण खरं आहे. दोन दोन तास आरशात पाहून जो माणूस शेवटी पहिलीच फ्रेम घेतो त्याच्याविषयी प्रेम कसं वाटावं? दादाराव मात्र गिऱ्हाईक नव्हतेच. ते तपासणीला आलेले अधिकारी होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या दुकानाची पायरी वितीनं मोजली.

“रफिकभाऊ, तुमची पायरी सरकारी रस्त्यावर सहा बोटं गेली हाये.”

“साहेब, माझ्या बापाच्या काळची पायरी आहे ती.”

“मंग बापाच्या काळचं अतिक्रमण हाये. मोजून बोला.”

‘मोजून बोला’ हे त्यांचं पालुपद. भाजीवाली वांगी ताजी आहेत म्हणाली तरी मोजून बोला, आणि कंडक्टर गाडी आत्ता सुटते म्हणाला तरी मोजून बोला. मी त्या पायरीवरून महिनाभर त्यांच्याशी भांडलो आणि मग एका रविवारी गवंडी बोलावून सहा बोटं पायरी तोडली. का तोडली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या माणसासमोर आपली पायरी पुढे आलेली दिसली की आपणच पुढे आल्यासारखं वाटायचं, एवढंच.

दादाराव भूमी अभिलेखचे निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातली वावरं मोजली. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्याइतकी भांडणं आमच्याकडे बायकोवरूनही होत नाहीत. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत तर माणसं वीतभर धुऱ्यासाठी कुऱ्हाडी काढायची. पिकलं तर भाव नाही, भाव आला तर बोंडअळी. मग हातातली जमीन तरी हातची जाऊ नये म्हणून जो तो धुऱ्याशी उभा. अशा दोन पेटलेल्या घरांच्या मधोमध दादाराव डोक्याला फडकं न बांधता, मोजणीची साखळी घेऊन, वैशाखाच्या उन्हात उभे राहत. डोक्यावर टोपी घातली की दुर्बिणीतून पाहताना आडवी येते, असं त्यांचं म्हणणं होतं. उन्हानं, धुळीनं आणि वाऱ्यानं चौतीस वर्षं त्यांचे डोळे भाजून काढले ते तिथंच.

एकदा एका पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या वावराची मोजणी होती. मेहुण्यानं जीप पाठवली, जेवणाचा बेत केला आणि हद्दीचा दगड जरा पलीकडे रोवायला सांगितलं. दादारावांनी दगड होता तिथंच रोवला, जेवण केलं नाही आणि जीपमध्ये न बसता साखळी खांद्यावर टाकून नऊ मैल चालत आले. महिन्याभरात त्यांची बदली झाली. तिथंही त्यांनी पोचल्या पोचल्या पहिल्यांदा कचेरीचं कुंपण मोजलं आणि ते चुकीच्या जागी असल्याचं साहेबांना लेखी कळवलं.

आता डोळ्याबद्दल. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या कोपऱ्यातून गुलाबी मांसाचा एक पापुद्रा बुबुळावर चढत होता. आमचे आजोबा त्याला नाखूना म्हणत. खेड्यातली माणसं नुसतं ‘डोळ्यात मांस वाढलं’ म्हणतात आणि मग त्यात मध घालतात, कांद्याचा रस घालतात, कोणी तर तुरटी घासून घालतात. अशा माणसांवर मी दुकानात ओरडतो. दादारावांनी असलं काही केलं नाही. त्यांनी त्या मांसाला नोटीस दिली.

खरंच दिली. तिची एक प्रत माझ्याकडे आहे. ‘सदर मांसास कळविण्यात येते की, आपण आमचे मालकी व कब्जातील बुबुळावर विनापरवाना प्रवेश केला असून, सदरचे अतिक्रमण स्वतःहून न हटविल्यास पुढील कारवाईस आपण जबाबदार राहाल.’ ही नोटीस त्यांनी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं वाचली आणि तारखेसह सही केली.

“वाचून काय होणार, साहेब?” मी म्हणालो.

“नोटिशीबिगर कारवाई होत नसते, रफिकभाऊ. उद्या तेच मांस म्हणीन, मले कळवलंच नाही.”

नकाशा पाहून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या आणि नंतर गप्प झाल्या, कारण माप बरोबर होतं. त्यांनी हनुवटी टेकवायच्या यंत्रावर दादारावांना बसवलं, आपली पट्टी लावली आणि तेवढाच आकडा आला. फक्त एका गोष्टीवर वाद पेटला. दादारावांच्या नकाशात अतिक्रमण पश्चिमेकडून होतं आणि बाईंच्या कागदावर पूर्वेकडून. दोघंही हट्टी. दादाराव म्हणाले, चौतीस वर्षांत माझी दिशा चुकली नाही. बाई म्हणाल्या, काका, मी तुमच्या समोर बसून पाहते आहे. शेवटी मी उठून भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं. दादारावांनी तोंड इकडून तिकडे फिरवलं, पुन्हा आरशात पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच नकाशावर खोडरबर चालवलं. पुढच्या महिन्यात आले तेव्हाही ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

बाईंवर मात्र त्यांचा विश्वास बसला. मोजणारं माणूस त्यांना आवडायचं.

“काका, हा कॅन्सर नाही,” बाईंनी त्यांना समजावलं. “मोतीबिंदूही नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पापुद्रा असतो. ऊन, धूळ, वारा लागून लागून तो चिडतो, जाड होतो आणि बुबुळाकडे सरकतो. थेंब घातले की लाली कमी होईल, खुपणं कमी होईल. पण थेंबानं मांस विरघळत नाही.”

“अन् कापलं तं?”

“नुसतं कापून सोडलं तर पुष्कळांना परत येतं. कधी पहिल्यापेक्षा जाड येतं. म्हणून आम्ही वरच्या पापणीखालचा, ऊन न लागलेला पापुद्रा थोडासा काढतो आणि मोकळ्या झालेल्या जागेवर शिवतो.”

दादारावांचा चेहरा उजळला. “म्हणजे अतिक्रमण उठवाचं, अन् जागा पडीक नाही ठेवाची. आपल्याच वावरातली माती आणून तिथं टाकाची. बरोबर हाये. पडीक जागेवर माणूस परत घुसतेच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढं त्यांनी हेच उदाहरण दुसऱ्या पेशंटना द्यायला सुरुवात केली, आणि आमच्या भागात ते औषधाच्या नावापेक्षा लवकर कळतं.

इतकं पटलं, तरी दादाराव ऑपरेशनला तयार नव्हते. बाईही घाई करत नव्हत्या. मांस बाहुलीपासून दूर होतं. मात्र एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. दादारावांचा डावा डोळा तरुणपणीच गेल्यात जमा होता. एका मोजणीत बाभळीचा काटा लागला, तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, चेहरा कळायचा नाही. त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. मांस बाहुलीवर आलं तर ते काढूनही खाली डाग राहतो आणि मग नजर धूसर ती धूसरच.

तेव्हा दादारावांनी नकाशावर बाहुलीभोवती एक तुटक रेघेचं वर्तुळ काढलं.

“ही हद्द. मांस इथं टेकलं की त्या दिवशी ऑपरेशन. बाई, तुम्ही सही करा. रफिकभाऊ, तुम्ही पंच.”

आम्ही दोघांनी सह्या केल्या. डोळ्याचा पंचनामा झालेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

पुढं दीड वर्ष ते दर महिन्याला येत राहिले. दर महिन्याच्या नकाशाची एक प्रत ते मला देत, ‘दप्तरी ठेवा’ म्हणत आणि मी ती फ्रेमच्या एका रिकाम्या डब्यात टाकत असे. दर वेळी मांस हद्दीच्या अलीकडेच. थोडंसं सरकलेलं, पण अलीकडे. शेवटी शेवटी बाईंचं बाळंतपण आलं, म्हणून पाच-सहा महिने गुरुवारी कोणी डॉक्टर येत नव्हतं आणि दादाराव फक्त मला नकाशा दाखवून जायचे. मी डोकं हलवायचो. गिऱ्हाइकांच्या घाईत मी आणखी काय करणार?

मग त्यांच्या चष्म्याची काडी तुटली. नवी फ्रेम बसवायची म्हणून मी त्यांचा नंबर पुन्हा काढला आणि माझे हात थांबले. तिरपा नंबर, ज्याला आम्ही धंद्यात सिलिंडर म्हणतो, तो दुपटीहून जास्त वाढला होता. हे मांस बुबुळाला एका बाजूनं ओढतं, बुबुळाचा गोलावा बिघडतो आणि तो नंबर वाढतो. एवढा वाढला याचा अर्थ मांस बरंच आत गेलं होतं. नकाशा तर सांगत होता की काही विशेष झालेलं नाही.

ते गेल्यावर मी डबा उघडला. सगळे नकाशे काढले, एकावर एक ठेवले आणि दुकानाच्या काचेवर उजेडाला धरले. लाल त्रिकोण खरंच महिन्या-महिन्याला आत सरकत होता. आणि बाई रजेवर गेल्यापासून ती तुटक रेघेची हद्द दर महिन्याला त्याच्यापुढं पळत होती. सुरुवातीला ती बाहुलीपासून चांगली लांब होती. शेवटच्या नकाशात ती बाहुलीला चिकटली होती.

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. ज्या माणसानं पुढाऱ्याच्या मेहुण्यासाठी दगड बोटभर हलवला नाही, ज्यानं माझ्या बापाची पायरी तोडायला लावली, तो माणूस स्वतःच्या डोळ्यात धुरा सरकवत होता!

मी दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि भर दुपारी त्यांच्या खेड्यावर गेलो. बाभुळगावपासून पाच-सहा मैलांवर त्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. अंगण असं झाडलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. दादाराव ओसरीवर बसून सुरीनं पेन्सिलीला टोक काढत होते. मी नकाशांची चळत त्यांच्या पुढ्यात टाकली.

“हे काय आहे, साहेब?”

त्यांनी नकाशे एकेक करून उचलून पाहिले आणि कडा जुळवून खाली ठेवले.

“पंच म्हणून माझी सही आहे यावर. तुम्ही हद्द सरकवली.”

“प्रमाणात थोडा फरक पडला असीन.”

“मोजून बोला!” मी ओरडलो. त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकताना मला वाईट वाटलं, पण मी फेकलं. “डोळा घालवायचा आहे का? एकच तर आहे. भीती वाटते का ऑपरेशनची?”

“भीती?” ते ताडकन उभे राहिले. “म्या साप निघालेल्या वावरात साखळी ओढली हाये. वाघाच्या पावलावर दुर्बीण मांडली. भीती म्हणून राह्यले मले!”

ते तरातरा आत गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले. तिच्यात बाईंच्या दवाखान्याचा ऑपरेशनचा फॉर्म होता. वर्षभरापूर्वीच भरलेला. नाव, वय, गाव, डोळा कोणता, ॲलर्जी आहे का, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. खाली सहीसुद्धा. एकच रकाना कोरा होता. ‘सोबत राहणारे जवळचे नातेवाईक.’

“पट्टी बांधल्यावर मले दिसणार नाही,” ते खाली बसत म्हणाले. “दुसरा डोळा कामाचा नाही. बाई म्हणते, घरचं माणूस पाहिजे. पुढं महिना-दीड महिना थेंब टाकाले पाहिजे. कोनाचं नाव लिहू?”

“माझं लिहा.”

“नातं काय लिहू? चष्मेवाला?”

“भाऊ लिहा. मी काय नाही म्हणणार आहे?”

“कागदावर खोटं लिहीत नाही मी.”

“आणि नकाशावर?”

त्यांनी फाइल मिटून मांडीवर घेतली. मीही बसलो. मग त्यांनी स्वतःहून जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो, कारण पुढं जे झालं त्यानंतर ते लपवण्यात अर्थ नाही.

दादारावांना एकुलती एक मुलगी, नंदा. उमरखेडकडच्या एका गावात दिलेली. दादाराव निवृत्त झाले त्याच वर्षी नंदाच्या सासऱ्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं धुऱ्यावरून भांडण झालं. पंच म्हणून दोघांनीही दादारावांनाच बोलावलं. सासऱ्याला वाटलं, आपला व्याही आहे. चुलतभावाला वाटलं, इंगोले आहे. चुलतभावाचा अंदाज बरोबर निघाला. दादारावांनी दिवसभर मोजलं आणि संध्याकाळी कापसाच्या सहा ओळी व्याह्याच्या वावरातून चुलतभावाकडे गेल्या. उभ्या पिकासकट. व्याही सगळ्या गावासमोर म्हणाला, आजपासून माझ्या घराची पायरी चढायची नाही. दादाराव साखळी गुंडाळून निघून आले. त्याला सात वर्षं झाली होती.

“मोजणी बरोबर होती,” ते म्हणाले. “परत बोलावलं तरी दगड तिथंच रोवीन.”

“मुलगी काय म्हणाली?”

“तिले काय विचाराचं? तिच्या घरचं नुकसान केलं म्या. कोनत्या तोंडानं विचारू?”

मला त्या माणसाची कीवही आली आणि पुन्हा रागही आला. कीव येण्यासारखं तोंड ते करत नव्हते, ही त्यातली अडचण. ताठ बसले होते, फाइल मांडीवर सरळ रेषेत ठेवून.

मी परत येऊन, नुकत्याच कामावर परतलेल्या बाईंकडून ऑपरेशनची तारीख घेतली, उमरखेडच्या एका ओळखीच्याकडून नंदाच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवला आणि तिथं निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी तिला ऑपरेशनची तारीख, यवतमाळच्या दवाखान्याचा पत्ता आणि फॉर्ममधल्या कोऱ्या रकान्याची गोष्ट सांगितली. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. येते की नाही, ते काही कळलं नाही. दादारावांना मी म्हणालो, “चला, बाई परत आल्यात. रकान्याचं तिथं पाहू. नाहीतर कोरा ठेवून त्यांच्याशी भांडू.” भांडण म्हटल्यावर ते तयार झाले.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा नंदा बाकावर बसलेली होती. पहाटेच्या गाडीनं आली होती. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, बापासारखीच ताठ. दादाराव दारातच थांबले.

“तुले कोनं सांगितलं?”

“ज्यानं सांगाले पाह्यजे होतं त्यानं नाही सांगितलं,” ती म्हणाली. “फॉर्म द्या.”

त्यांनी निमूटपणे फाइल दिली. तिनं माझ्या खिशातलं पेन घेतलं, रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि नात्यापुढं ‘मुलगी’.

“घरचे काय म्हणाले?” दादारावांनी विचारलं.

“काय म्हणतीन? वेचणी सुरू हाये, एक बाई कमी झाली म्हणाले. म्या म्हटलं, कापूस चार दिवस बोंडातच राहू द्या. बाजारात तरी त्याले कोन विचारून राह्यलं यंदा?”

मला हसू आलं. दादारावांना नाही आलं. ते म्हणाले, “नंदे, ती मोजणी...”

“मोजणी बरोबर होती, बाबा. आमचाच धुरा सरकवलेला होता, मलेही ठाऊक होतं. मोजणीचा राग कोनाले हाये? मामंजी रागाच्या भरात म्हणाले घरी येऊ नका, अन् तुम्ही सात वर्षं सरकारी हुकूम असल्यावाणी पाळलं. मले विचारलं का कोनी? दर दिवाळीले मी फाट्यावर जाऊन एसटी पाहून येत होती.”

दादारावांनी तिच्या हातातून फाइल परत घेतली. ते तिच्या शेजारी बाकावर बसले. पुष्कळ वेळानं नर्सनं हाक मारली तेव्हा नंदानंच त्यांना दंडाला धरून उठवलं.

ऑपरेशनला पाऊण तास लागला. डोळा बधिर केला होता, तोंड नव्हे, म्हणून आतून आवाज येत होते. “बाई, हद्दीपर्यंत नीट साफ करा. मुळी ठेवू नका.” “काका, हलू नका.” “टाके किती टाकून राह्यले?” “काका, बोलू नका.” बाई बाहेर आल्या त्या घाम पुसत. म्हणाल्या, बाहुलीच्या अगदी कडेला आलं होतं, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर नजर गेली असती. आता कडेला हलकासा डाग राहील, पण दिसण्याला धक्का नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डोळा लालभडक, पाणी वाहतंय, टाके खुपतायत. बाईंनी सगळं समजावलं. थेंब दिवसातून किती वेळा, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही आणि यापुढं उन्हात टोपी आणि काळ्या चष्म्याशिवाय निघायचं नाही, नाहीतर परत येईल. नंदानं बाटली घेतली, बापाची मान मागे केली आणि त्यांच्यावर वाकली.

“वर पाहा, बाबा.”

दादाराव वर बघत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“वर पाहा म्हणते ना मी!”

मग त्यांनी वर पाहिलं आणि थेंब पडला. मला वाटलं, झोंबलं असेल, कारण त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं. त्याच दुपारी नंदा त्यांना घेऊन उमरखेडच्या गाडीत बसली. थेंब टाकायचे तर माझ्या घरी चला, असं तिनं ठरवलं होतं आणि व्याह्यांना कळवूनही टाकलं होतं.

सव्वा महिन्यानं दादाराव माझ्या दुकानात आले. डोळा स्वच्छ, बुबुळ मोकळं. व्याह्यांनी काय म्हटलं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काय म्हणतीन? आता मले त्यायचा गोठा मोजाले लावला.” मग त्यांनी खिशातून एक दोरा काढला. दोऱ्याला तीन गाठी होत्या.

“हे माप हाये. कानापासून कानापर्यंत, मधे नाक. काळा चष्मा पाहिजे, चांगल्या काचेचा, ऊन पक्कं अडवणारा. बाईमाणसाचा.”

“नंदाताईला?”

“तिच्या दोन्ही डोळ्यांत सुरू झालं हाये. नाकाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढं. पट्टी काढली त्या सकाळी ती थेंब टाकाले वाकली, तवा दिसलं मले.” त्यांनी दोरा काउंटरवर सरळ केला. “तिच्या मायसारखं वीस वर्षं उन्हात वेचणी करून राह्यली ते पोरगी. अन् मी सात वर्षं तिचं तोंड पाह्यलं नाही, रफिकभाऊ. दुनियेचे धुरे मोजत बसलो.”

मी उठलो. आतून चांगल्या काचांचा डबा आणला. बायकांच्या फ्रेम काढून पुढं मांडल्या. त्यांनी एक निवडली. तपकिरी रंगाची, काडीवर बारीक सोनेरी फूल असलेली. दोन तास नाही, दोन मिनिटं लागली.

“दोन द्या,” ते म्हणाले. “सारख्याच.”

“दुसरी हरवली तर म्हणून?”

“दुसरी मले.”

“साहेब, ही लेडीज आहे. तुमच्यासाठी जेन्ट्स दाखवतो ना.”

“लेडीजच पाहिजे. ती म्हणते, वावरात काळा चष्मा घालून वेचणी केली तं साऱ्या बाया हसतीन. मोठी हिरोईन आली म्हणतीन. म्या म्हटलं, हसतीन तं पहिले मले हसतीन. मी हाच चष्मा घालून तिच्यासंग ओळीनं चालतो. फूल हाये तं असू दे.”

दादारावांनी फुलाचा चष्मा तिथंच डोळ्यांवर चढवला, आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि छाती काढून माझ्यासमोर उभे राहिले.

“हसा, हसून घ्या.”

मला हसता आलं नाही. मी दुसरा चष्मा मऊ कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि उमरखेडची गाडी कुठं लागते ते दाखवायला उगाचच त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेलो.